वंशाच्या हिशेबात आरोपी नसतो

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार या जिल्ह्यांत सोयरीक जुळवताना आता रक्ताचा एक रिपोर्टही बघितला जाऊ लागला आहे. त्यावर 'एए', म्हणजे रक्त साधं, असं असलं तर विषय तिथेच मिटतो. 'एएस' असलं तर बैठकीचा नूर पालटतो. एएस म्हणजे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची वाहक. अशा मुलीला आजार नसतो आणि पुढेही होत नाही. ती चारचौघींसारखी शिकते, राबते, संसार करते. मुलगा एए असेल तर त्यांच्या एकाही लेकराला सिकलसेलचा आजार होणार नाही. तरी बोलणी फिसकटतात. 'त्या घरात दोष आहे' ही बातमी पुढच्या गावापर्यंत जाते आणि धाकट्या बहिणींच्या सोयरिकीही अडतात. मुलाच्या रक्ताची तपासणी मात्र पुष्कळदा झालेलीच नसते.

लोकांना माहिती नाही म्हणून असं होतं, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते पटत नाही. माहिती पोचली आहे, रिपोर्ट हातात आहे, दोन अक्षरांचा अर्थही आशाताईंनी समजावून सांगितलेला आहे. अडचण त्याच्या अलीकडची आहे. आईबापांचं लेकरात काय आणि कसं उतरतं, याची एक फार जुनी कल्पना आपल्या मनात पक्की बसलेली आहे आणि नवी माहिती आपण त्या जुन्या कल्पनेत कोंबतो. ती कल्पना हलली नाही तर जितक्या तपासण्या वाढतील तितका दोषारोपही वाढेल. म्हणून सार्वजनिक आरोग्याच्या या प्रश्नाची चर्चा थेट आनुवंशिकतेच्या मूळ नियमांपासून सुरू करायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

जुनी कल्पना अशी : आईचं आणि बापाचं जे काही असतं ते दुधात पाणी मिसळावं तसं लेकरात एकजीव होतं. चांगल्यात वाईट मिसळलं की सगळंच नासतं, आणि एकदा मिसळलेलं पुन्हा वेगळं काढता येत नाही. घराणं शुद्ध ठेवण्याचा सगळा आटापिटा याच समजुतीवर उभा आहे. ही समजूत फक्त खेड्यातली किंवा फक्त भारतातली होती असं मात्र नाही. डार्विनच्या काळातले युरोपातले विद्वानही जवळपास असंच मानत. 1867 साली फ्लीमिंग जेंकिन नावाच्या अभियंत्याने डार्विनला गाठलं ते इथेच. गुण जर मिसळून पातळ होत असतील तर एखादा नवा उपयुक्त गुण चार-पाच पिढ्यांत विरून जाईल. मग नैसर्गिक निवड होणार कशाची? डार्विनकडे याचं समाधानकारक उत्तर नव्हतं. ते उत्तर आदल्याच वर्षी, 1866 साली, ब्रनो या शहरातल्या निसर्ग अभ्यास मंडळाच्या अंकात छापून आलं होतं. लिहिणारा होता तिथल्या मठातला ग्रेगोर मेंडेल. त्याकडे पुढची 34 वर्षं जवळजवळ कुणाचंच लक्ष गेलं नाही.

मेंडेलने 1856 ते 1863 या काळात वाटाण्याची सुमारे 28 हजार झाडं तपासली. वाटाण्याचं फूल मिटलेलंच असतं आणि स्वतःच्याच परागांनी फळतं. मेंडेल कळी पक्व होण्याआधी उघडायचा, चिमट्याने तिचे पुंकेसर काढून टाकायचा, दुसऱ्या झाडाचे पराग आणून लावायचा आणि किड्यांनी लुडबुड करू नये म्हणून फूल झाकून ठेवायचा. महाराष्ट्रात ही कृती बघायला फार लांब जावं लागत नाही. देऊळगाव राजा आणि जालन्याच्या पट्ट्यात मिरची-टोमॅटोच्या बीजोत्पादनाची शेडनेट आहेत. तिथे मादीच्या ओळीतल्या कळ्या बायका अशाच चिमट्याने उघडतात, पुंकेसर खुडतात आणि नराच्या ओळीतले पराग त्यांना लावतात. बोटांना सवय असावी लागते. कळी जरा उशिरा उघडली तर ती आपल्याच परागांनी फळून गेलेली असते आणि ते बी संकरित राहत नाही. ब्रनोच्या मठातलं ते काम आज आपल्याकडे रोजंदारीवर चालतं.

मेंडेलने गोल दाण्याच्या आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या वाटाण्यांचा संकर केला तेव्हा पहिल्या पिढीतले सगळे दाणे गोल आले. मिसळणीच्या हिशेबाने ते थोडे गोल, थोडे सुरकुतलेले यायला हवे होते. त्या दाण्यांपासून उगवलेल्या झाडांना स्वतःच्याच परागांवर फळू दिल्यावर पुढच्या पिढीत 7,324 दाणे मिळाले. त्यांतले 5,474 गोल होते आणि 1,850 सुरकुतलेले. जवळजवळ तीनास एक. मधल्या पिढीत नाहीसा झालेला गुण जसाच्या तसा परत आला होता, जराही पातळ न होता. मेंडेलने यावरून काढलेला निष्कर्ष सगळ्या आनुवंशिकतेचा पाया आहे. प्रत्येक गुणामागे काहीतरी सुटं, अखंड एकक असतं. प्रत्येक जिवात त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. त्या शेजारी राहतात पण एकमेकींत मिसळत नाहीत, आणि पुढच्या पिढीला देताना दोनांपैकी एकच दिली जाते. कोणती दिली जाणार हे कुणाच्याही हातात नसतं. आज आपण त्या एककाला जनुक म्हणतो.

हायब्रीड ज्वारीने हा नियम महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला शिकवला, फक्त त्याचं नाव कुणी सांगितलं नाही. 1964 साली सीएसएच-1 हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. घरचं बी राखून पेरण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असलेल्या माणसाने हायब्रीडचं कणीस बियाण्याला ठेवलं, की पुढच्या हंगामात रानात एक ताट उंच, एक बुटकं, कणसाला कणसाचा मेळ नाही. बियाणं खराब निघालं, फसवणूक झाली, असं वाटणं स्वाभाविक होतं. प्रत्यक्षात बियाणं बिघडलेलं नव्हतं. पहिल्या पिढीत शेजारी नांदणाऱ्या वेगवेगळ्या प्रती दुसऱ्या पिढीत सुट्या होऊन नव्याने जोडल्या गेल्या होत्या आणि आजा-आजीकडचे दडलेले गुण उघडे पडले होते. सरळ वाणाचं तसं होत नाही, कारण त्याच्या दोन्ही प्रती बहुतेक ठिकाणी सारख्याच असतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपून पिढ्या ओलांडत नेलं, ते याच गुणधर्माच्या बळावर.

मेंडेलच्या नियमातला एक तपशील सगळ्यांत जास्त गैरसमज पसरवतो. दोन प्रती वेगळ्या असताना जिचा परिणाम दिसतो ती प्रभावी, जिचा दिसत नाही ती अप्रभावी. ऐकणाऱ्याला वाटतं, प्रभावी म्हणजे जोरकस, सरस. अप्रभावी म्हणजे दुबळी, हिणकस. वाटाण्याचा दाणा सुरकुततो कशाने, याचा उलगडा 1990 साली झाला. पिष्टमय पदार्थ तयार करणाऱ्या एका विकराचं जनुक त्यात मोडलेलं असतं. पिष्ट कमी होतं, साखर जास्त उरते, साखरेमुळे कोवळा दाणा पाणी जास्त धरतो आणि वाळताना आकसतो. एक प्रत धड असली तरी काम भागतं, दाणा गोल राहतो. एवढाच काय तो 'प्रभाव'. सुरकुतलेल्या जातीचे कोवळे वाटाणे खायला अधिक गोड लागतात. म्हणजे कोणता गुण सरस, हे खाणाऱ्याने ठरवायचं. जनुकात तसं काही लिहिलेलं नसतं.

सिकलसेलमध्ये हे फारच स्पष्ट होतं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येतं, ते डीएनएमधलं एक अक्षर बदलल्यामुळे. हा बदल नेमका कुठे आहे ते व्हर्नन इंग्रमने 1950च्या दशकात शोधून काढलं. लायनस पॉलिंगने त्याआधी, 1949 साली, हा रेणूचा आजार असल्याचं दाखवलं होतं. दोन्ही प्रती अशा असल्या तर ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू होतात, तांबड्या पेशीचा विळा होतो. त्या ताठ पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. साधी तांबडी पेशी 120 दिवस जगते. विळ्याची पेशी दहा-वीस दिवसांत संपते. म्हणून पंडुरोग, हातापायांची सूज, डोळे पिवळे पडणं, आणि हाडांत उठणारी अशी वेदना की मोठा माणूस गडाबडा लोळतो. भारतात याची पहिली नोंद 1952 साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली. नंतर विदर्भात, सातपुड्यात, छत्तीसगड-ओडिशात ठिकठिकाणी तो आढळला.

एकच प्रत बदललेली असली तर काय होतं? वाहकाच्या पेशींत दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन तयार होतं. प्रयोगशाळेत पाहिलं तर दोन्ही प्रती सारख्याच 'दिसतात', कुणी कुणावर प्रभावी नाही. आजाराच्या दृष्टीने पाहिलं तर सिकलची प्रत अप्रभावी. आणि मलेरियाच्या दृष्टीने पाहिलं तर ती एकटी प्रतही माणसाला वाचवते, म्हणजे प्रभावी. अँथनी ॲलिसनने 1954 साली पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवून दिलं, की वाहक मुलांना जीवघेण्या मलेरियापासून चांगलं संरक्षण मिळतं. थॅलॅसेमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकाराबाबत तसाच अंदाज जे. बी. एस. हाल्डेनने 1949 सालीच मांडला होता. हा हाल्डेन पुढे भारतात येऊन स्थायिक झाला आणि भुवनेश्वरला वारला. सिकलची प्रत आपल्याकडच्या जंगलपट्ट्यांत टिकून राहिली, कारण हजारो वर्षं तिने मुलं जगवली. ज्या घराला आज डागाळलेलं समजतात, त्या घराचे पूर्वज डासांच्या प्रदेशात तग धरू शकले ते कदाचित या एका अक्षराच्या आधाराने.

आता तपासणीच्या टेबलाजवळ जाऊ. शिबिरात बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेतात, छोट्या नळीतल्या द्रावणात टाकतात, हलवतात आणि थोड्या वेळाने नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर प्रश्न नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. मेख अशी, की वाहकाची नळीही गढूळ होते आणि रुग्णाचीही. कोण काय, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली चाचणी केल्यावरच कळतं, आणि त्यासाठी नमुना बाहेर पाठवावा लागतो. शिबिर चावडीसमोर उघड्यावर भरलेलं असतं. नळी गढूळ झालेली रांगेतल्या पाचजणांनी पाहिलेली असते. पक्का रिपोर्ट येईपर्यंत गावात मुलीचं नाव 'पॉझिटिव्ह' म्हणून झालेलं असतं, आणि नंतर आलेल्या एएसला कुणी विचारत नाही. आडोशाला एक खुर्ची मांडून, एकेकाला वेगळं बोलावून हे काम करायला पैसे लागत नाहीत. त्यासाठी एवढंच समजलेलं असावं लागतं, की हा निकाल त्या माणसाचा आहे, गावाचा नाही.

निकालानंतरचा हिशेब साधा आहे, पण तो चुकीच्या पद्धतीने समजला जातो. नवराबायको दोघंही वाहक असतील तर दर गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन, पूर्ण मोकळं असण्याची चारात एक. 'दर गरोदरपणात' हे शब्द महत्त्वाचे. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुरक्षित, असं नसतं; आणि पहिली तीन निरोगी निघाली म्हणून चौथ्याच्या वाट्याला आजार ठरलेला, असंही नसतं. चारही मुलं आजारापासून सुटण्याची शक्यता 256त 81, म्हणजे साधारण तिसरा हिस्सा. अशा प्रत्येक घराला वाटत राहतं की आपल्याकडे काही नाही. दुसऱ्या घरात दोन लेकरं लागोपाठ आजारी निघतात आणि गाव त्या बाईने कुठलं व्रत मोडलं ते शोधत बसतं. दोन्ही घरांतल्या आईबापांच्या प्रती सारख्याच असतात. वेगळं असतं ते फक्त कुठल्या बीजात कुठली प्रत गेली एवढंच, आणि त्यावर कुणाचाच ताबा नाही. पापपुण्याचा हिशेब इथे लागूच पडत नाही.

याच अडाणी दोषारोपाची सगळ्यांत मोठी किंमत महाराष्ट्रातल्या बायकांनी मुलींच्या जन्मावरून मोजली आहे. पुरुषाच्या अर्ध्या शुक्रपेशींत एक्स गुणसूत्र असतं, अर्ध्यांत वाय. स्त्रीच्या प्रत्येक बीजात एक्सच. नेटी स्टीव्हन्स या संशोधिकेने 1905 साली धान्यात होणाऱ्या एका भुंग्याच्या पेशी तपासून हे उलगडलं. मुलगी होणं ठरतं ते बापाकडून आलेल्या पेशीवर. यावर काहीजण म्हणतात, मग दोष बापाचा. मला हे उत्तरही तितकंच चुकीचं वाटतं. बापालाही निवड करता येत नाही. आणि दोष म्हणायचा तर आधी मुलगी होणं हे नुकसान मानावं लागतं. लागोपाठ चार मुली होणं ही सोळा घरांपैकी एका घरात आपोआप घडणारी गोष्ट आहे. 1988 साली गर्भलिंग तपासणीवर कायद्याने बंधन घालणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. तरीही शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या 2001 साली 913 होती ती 2011 साली 894 झाली. शास्त्राचं यंत्र आपण झटकन स्वीकारलं आणि त्या शास्त्राने सांगितलेली गोष्ट बाहेरच ठेवली. सिकलसेलच्या रिपोर्टचं तेच होऊ नये म्हणून मी हे इतकं लावून धरतो आहे.

दोष शोधण्याची ही वृत्ती सत्तेच्या हाती गेली की काय होतं, ते विसाव्या शतकाने दाखवलं. फ्रान्सिस गाल्टनने 1883 साली 'सुप्रजनना'चा विचार त्याच्या इंग्रजी नावानिशी मांडला; अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी सक्तीच्या नसबंदीचे कायदे केले; जर्मनीत 14 जुलै 1933 रोजी तसा कायदा झाला आणि त्यात जन्मजात अंध, बहिरे, मिरगीचे रोगी असे लाखो लोक भरडले गेले. त्याला शास्त्राचा मुलामा देणाऱ्यांत बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेचा ऑयगेन फिशर होता. त्याच फिशरकडे 1920च्या दशकाच्या अखेरीला इरावती कर्वे डॉक्टरेट करत होत्या. गोऱ्यांच्या कवटीची ठेवण इतर वंशांहून वेगळी, असमान असते आणि त्यात त्यांच्या बुद्धीचं श्रेष्ठत्व दिसतं, अशी त्याची अटकळ होती. कर्व्यांनी कवट्या मोजल्या आणि असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष आपल्या मार्गदर्शकाच्या हाती दिला. परक्या देशात, पदवी त्याच माणसाच्या हातात असताना, एका तरुण मराठी बाईने हे केलं. आपल्या शाळांत ही गोष्ट सांगितली जायला हवी.

सुप्रजननाचा विचार क्रूर होता हे सगळे मान्य करतात. तो हिशेबातही चूक होता, हे कमी लोकांना ठाऊक असतं. ब्रिटिश गणिती हार्डी आणि जर्मन डॉक्टर वाइनबर्ग यांनी 1908 साली स्वतंत्रपणे एक साधी गोष्ट दाखवली. समजा एखाद्या समाजात बीटा जनुकाच्या दर शंभर प्रतींमध्ये दहा सिकलच्या आहेत. मग शंभर माणसांत साधारण 81 एए, 18 एएस आणि एक एसएस, म्हणजे रुग्ण, असेल. या शंभर माणसांत सिकलच्या एकूण वीस प्रती आहेत. त्यांतल्या अठरा निरोगी वाहकांकडे आहेत आणि रुग्णाकडे फक्त दोन. रुग्णांना वंश वाढवू दिला नाही तरी प्रती जवळपास तेवढ्याच राहतात. आणि वाहकांना बाजूला काढायचं म्हटलं तर समाजाचा जवळजवळ पाचवा हिस्सा, तोही धडधाकट माणसांचा, बाजूला काढावा लागेल. उरलेल्यांचं काय? त्यांच्याकडे दुसऱ्या कुठल्यातरी आजाराच्या लपलेल्या प्रती असतातच. प्रत्येक माणसाकडे अशा काही ना काही असतात. आपल्याला त्यांची नावं ठाऊक नसतात, इतकंच.

नावं ठाऊक नसलेल्या या प्रती एकत्र कधी येतात? जेव्हा नवराबायकोचे पूर्वज एकच असतात. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे अनेक समाजांत आहे. सख्ख्या मामे-आते भावंडांत जनुकांचा सरासरी आठवा हिस्सा सामाईक असतो. पण रीत एवढ्यावर थांबत नाही. एकाच जातीत, त्यातही एकाच पोटजातीत, शे-दीडशे गावांच्या घेऱ्यात हजार-दीड हजार वर्षं लग्नं होत राहिली तर नात्यात लग्न न करणाऱ्यांचंही दूरचं नातं तयार होतं. 2017 साली भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी दक्षिण आशियातल्या 263 समाजगटांचा जनुकीय अभ्यास छापला. त्यांतले 81 गट असे निघाले, की ते मूठभर पूर्वजांपासून वाढल्याची खूण युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंपेक्षाही त्यांच्यात ठळक आहे. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजातल्या काहीजणांवर शस्त्रक्रियेच्या वेळच्या एका स्नायू सैलावणाऱ्या औषधाचा अंमल धोकादायकरीत्या लांबतो, तो याच कारणाने. म्हणजे ज्याला कुळाची शुद्धता म्हणून जपलं, त्यानेच लपलेले आजार उघडे पाडले. सिकलसेलवरून आदिवासींकडे आणि अनुसूचित जातींकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या जातींनी हे शांतपणे वाचावं.

इथे एक इशाराही द्यायला हवा. मेंडेलच्या वाटाण्यासारखा, एका जनुकाच्या दोन प्रतींवर ठरणारा गुण माणसात फार थोड्या बाबतींत सापडतो. उंचीच घ्या. 2022 साली पन्नास लाखांहून अधिक माणसांच्या अभ्यासातून उंचीशी निगडित बारा हजारांवर जागा जनुकसंचात सापडल्या, आणि त्यावर पुन्हा बालपणीचं अन्न, जुलाब, जंत यांचा परिणाम. रंग, बुद्धी, स्वभाव यांची कथा याहून गुंतागुंतीची. सिकलसेलचा आजारही सगळ्यांत सारखा नसतो. बाळाच्या वेळचं हिमोग्लोबिन ज्यांच्या अंगात मोठेपणीही बरंच टिकतं, त्यांना तो सौम्य होतो. खाण तशी माती ही म्हण मातीबद्दल खरी असेल; एका मुलाच्या मार्कांबद्दल ती वापरणाऱ्याला ना खाण कळली ना माती.

मग लग्नाआधीच्या तपासणीचं काय करायचं? ती व्हावी, असंच माझं मत आहे. पण कशी, याचे धडे जगाने आधीच गिरवले आहेत. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस गावात 1970च्या सुमाराला सगळ्यांची सिकलसेल तपासणी झाली. वाहकांवर शिक्का बसला, लोक निकाल लपवू लागले, आणि वाहक-वाहक लग्नं काही कमी झाली नाहीत. अमेरिकेत 1970च्या दशकाच्या सुरुवातीला काही राज्यांनी कृष्णवर्णीयांवर तपासणी लादली. निरोगी वाहकांच्या नोकऱ्या आणि विमे गेले. हवाई दलाच्या अकादमीत वाहकांना प्रवेशबंदी होती, ती 1981 साली उठली. याउलट सायप्रसने थॅलॅसेमियासाठी 1983पासून चर्चमधल्या लग्नाआधी दोघांच्या तपासणीचं प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली. ते प्रमाणपत्र तपासणी आणि सल्ला झाल्याचं असे. त्यावर निकाल लिहिलेला नसे. दोघं वाहक निघालेली बहुतेक जोडपी मोडली नाहीत, त्यांनी लग्न केलं. फरक पडला तो गर्भाची वेळेवर तपासणी करण्याची सोय हाताशी असल्यामुळे. आजारी बाळांचा जन्म जवळपास थांबला.

भारताने 1 जुलै 2023 रोजी शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047पर्यंत निर्मूलन, असं त्याचं उद्दिष्ट आहे. तपासलेल्याला कार्ड मिळतं, आणि लग्न ठरवताना दोन कार्डं ताडून पाहा, असं सांगितलं जातं. या सल्ल्याची मला काळजी वाटते. पत्रिका जुळवण्याची सवय असलेल्या समाजाला आपण आणखी एक पत्रिका देतो आहोत, आणि पत्रिकेचा दोष आपल्याकडे नेहमी मुलीच्याच पदरात पडत आला आहे. एएसने एएसशी लग्न करू नये, एवढं सांगून यंत्रणा मोकळी होत असेल तर ती आपलं काम जोडप्यांवर ढकलते आहे. अकराव्या-बाराव्या आठवड्यात गर्भाच्या वारेचा सूक्ष्म नमुना घेऊन निदान करता येतं. ही सोय भामरागड किंवा धडगावच्या बाईला किती तासांच्या प्रवासावर आहे, तिच्या मजुरीचं काय, आणि निदानानंतर गर्भ ठेवायचा की नाही हे तिचं ती ठरवू शकते का, यावर अभियानाची परीक्षा व्हायला हवी. मुलगा-मुलगी दोघांची तपासणी झाल्याशिवाय एकाचाही निकाल कुणी मागू नये, आणि निकाल फक्त त्या दोघांना सांगितला जावा, ही किमान शिस्त आहे.

आणि जे रुग्ण आज जगत आहेत, त्यांचा हिशेब आधी व्हावा. हायड्रॉक्सियुरिया रोज मिळालं तर वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची वेळ दोन्ही कमी होतात. ती गोळी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बाराही महिने असली पाहिजे. नवजात बाळाची तपासणी जन्मतःच झाली, लसी आणि पेनिसिलिन वेळेवर मिळालं, तर पहिल्या पाच वर्षांतले बरेच मृत्यू टळतात. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, पण प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे घालताना रुग्णाच्या घरच्यांची मजुरी बुडते.

राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानात आनुवंशिकतेचा पाठ आहे आणि त्यात सिकलसेलही आहे. आश्रमशाळेत तो पाठ शिकवताना वर्गात एखादं एसएस मूल बसलेलं असू शकतं. पाठातल्या चौकटी फळ्यावर काढून, गुण देऊन तो संपवता येतो. किंवा शिक्षक त्या वर्गाला सांगू शकतात, की या आजारात अंगातलं पाणी कमी झालं, थंडीत कुडकुडावं लागलं किंवा दमछाक झाली, की वेदना उठते. म्हणून अशा मुलाला तासाच्या मध्ये पाणी प्यायला उठू द्यायचं, हिवाळ्यात पहाटे थंड पाण्याने आंघोळ करायला लावायची नाही, धावण्याची सक्ती करायची नाही आणि गैरहजेरीबद्दल छडी उचलायची नाही. आणि त्याला रात्री ताप किंवा छातीत दुखू लागलं तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात न्यायचं.